हात पुढे करा, बघू

गेल्या बैठकीत आम्ही गटात विचारलं, "कामामुळे कुणाला कातडीचा आजार झालाय का?" एकीचाही हात वर आला नाही. मग म्हटलं, "बरं, नुसते हात पुढे करा." काळी पडलेली बोटं, सोललेली पेरं, नखांच्या कडेला भेगा. "हा कसला आजार? काजूचे हात आहेत हे!"

मेख इथेच आहे. जे सगळ्यांना होतं त्याला आपण आजार म्हणतच नाही. दवाखान्यात सांगत नाही, मग नोंद कुठून होणार?

काजूच्या टरफलाला दोन थर असतात, मधल्या जाळीत ते जळजळीत तेल. बिब्बा उततो हे आपल्याला ठाऊक आहे. काजू, बिब्बा आणि आंबा एकाच कुळातले. आंब्याच्या देठाचा चीक तोंडाला लागला की उठतं, ते यामुळेच. ओले काजूगर काढताना तर चीक थेट बोटांवर. कारखान्यात बी वाफवून कापतात, तरी तेल लागतंच. आणि एखादीला वर्षानुवर्षं काही होत नाही, पण एकदा अंगाने धसका घेतला की थोड्याशा चिकानेही फोड येतात.

हातमोजे घाला, असं सांगणं सोपं. मजुरी किलोवर असते. जाड मोज्यात बोट चालत नाही, गर तुटतो, तुकड्याला भाव कमी. म्हणून मोजे जमले तर उत्तमच. नाहीतर कामाआधी नखांच्या कडांपर्यंत खोबरेल चोळा, मध्येही पुन्हा लावा. नंतर साबण आणि भरपूर पाणी. रॉकेलने हात धुणं सोडा, त्याने कातडी आणखी फाटते. डोळ्यांना हात नको. पोराला जवळ घ्यायच्या आधी कोपरापर्यंत धुवा.

मिरकरवाड्याकडे कोळंबी सोलणाऱ्यांचं दुखणं वेगळं: दिवसभर बर्फाचं पाणी, मग नखुरडं.

१९४८ च्या कारखाना कायद्यात नोंद करायच्या आजारांची यादी होती, तीत रसायनांमुळे होणारा त्वचेचा दाहही होता. पण पडवीत बसून सोलणारीचा कारखाना कुठला? तिची नोंद व्हायची जागा एकच, केसपेपर. तेव्हा डॉक्टरांना "खाज सुटते" एवढंच सांगू नका. "काजू सोलते, इतक्या वर्षांपासून" हे सांगा, आणि तसं लिहून घ्या. पुढच्या बैठकीला तो कागद बरोबर आणा.