मानेची शस्त्रक्रिया आणि घरची शुश्रूषा



मान सुधारण्याच्या शस्त्रक्रियेचा विषय निघाला कीं सुशिक्षित घरांतूनहि पहिला प्रश्न येतो तो हा : “हा सारा खटाटोप रूपासाठींच ना ?” उतारवयांत लोंबूं लागलेली कातडी आवळून घेणारांस तो खुशाल विचारावा. आमच्या चिखल्यास, मँगनीजच्या खाणीच्या या गांवीं, मीं जवळून पाहिली ती मान भाजलेली होती.

चुलीच्या भडक्यानें गळा भाजला म्हणजे जखम भरतांना कातडी आक्रसते आणि हनुवटी हळूहळू छातीकडे ओढली जाते. वर पाहतां येत नाहीं, ओठ नीट मिटत नाहींत. आमच्या शेजारच्या सुनेनें अशीं चार वर्षें काढलीं. लग्नकार्यांत ती पदर ओढून मागील दारीं बसे. तिची मान सरळ करण्यांत रूपाचा भाग किती व उपयोगाचा किती, असा हिशेब मांडणारांनीं आधीं एक दिवस हनुवटी छातीस टेकवून काढावा.

नागपूरच्या वैद्यकीय महाविद्यालयांत डॉ. सी. बालकृष्णन् यांनीं १९५८ सालीं प्लास्टिक सर्जरीचा स्वतंत्र विभाग काढला, तेव्हांपासून आम्हां भंडाऱ्याकडील लोकांस ही विद्या दूरची राहिली नाहीं. आक्रसलेली कातडी मोकळी करून तेथें बहुधा मांडीवरील पातळ कातडी बसवितात. हें काम कांहीं तासांचें. परंतु बसविलेली कातडीहि पुन्हां आक्रसूं पाहते. तिला तसें करूं न देणें हें काम घरच्या मंडळींचें, आणि तें सहा महिन्यांचें, कधीं वर्षाचें.

येथें घरें चुकतात तीं हयगयीनें नव्हे, मायेनें. मानेस ताठ गळपट्टा. त्यांत आमच्याकडील उन्हाळा, घाम आणि खाज. सासूबाई मला म्हणाल्या, “गुरुजी, पोरीचा जीव गुदमरते जी !” आणि रात्रीं त्यांनीं पट्टा सोडून डोक्याखालीं मऊ उशी दिली. उशीनें हनुवटी खालीं येते, म्हणजे रोज रात्रीं दुखण्यास थोडें परत बोलावणेंच. अशा रोग्यास उशी द्यावयाची ती खांद्यांखालीं, म्हणजे मान मागें झुकते. पुढें खाणींत जाणाऱ्या तिच्या नवऱ्यानें पट्ट्याचें काम आपल्याकडे घेतलें. मीं एक दिनदर्शिका दिली ती त्यानें आढ्याजवळ टांगली. तारीख पाहावयाची तर मान वर केलीच पाहिजे.

जखम पुरती भरेपर्यंत हळद वा कसलाहि लेप नको. भरल्यावर मात्र खोबरेल हलक्या हातानें चोळावें, कारण या पातळ कातडीस स्वतःचें तेल नसतें व ती कोरडी पडून तडकते. ऊन टाळावें. विडीहि नको, हें विड्या वळणाऱ्या भंडारा जिल्ह्यांत सांगणें जिवावर येतें. पण धुरानें कातडीस रक्त कमी पोंचतें व जखम रेंगाळते.

हौसेनें कातडी आवळून घेणारांच्या घरींहि एक गोष्ट लक्षांत असावी. पहिल्या एकदोन दिवसांत मान एकाएकीं सुजली किंवा श्वास कोंडूं लागला, तर आंत रक्त सांचत असण्याचा संभव असतो. सकाळची वाट न पाहतां रुग्णालय गांठावें. उशीचा नियम मात्र दोघांचा एक नव्हे. तो ज्यानें त्यानें आपल्या डॉक्टरासच विचारावा.

आमच्या शेजारच्या सुनेचा पट्टा आतां डॉक्टरांनीं रात्रींपुरताच ठेवला आहे. परवां ती आमच्याकडे आली आणि तांब्या ओठांस न लावतां, वरून पाणी प्याली.