गाव हळू चालते, तेच भांडवल

(मादन हिप्परगा येथे सीमाभागातील कार्यकर्त्यांच्या बैठकीत केलेले भाषण)



आजवर या व्यासपीठावरून आपण 1956 पासूनचे गाऱ्हाणे मांडत आलो. आळंद, भालकी, बिदर यांचे काय झाले हे इथे बसलेल्या प्रत्येकाला पाठ आहे. ते मांडत राहिलेच पाहिजे. पण आज मी वेगळ्या विषयावर बोलणार आहे. आपली पोरे पुण्या-मुंबईला जातात, सोलापूरला जातात, आणि मग दिवाळीलासुद्धा येत नाहीत. भाषा टिकवायची असेल तर आधी माणसे गावात टिकली पाहिजेत. आणि बाहेरची माणसे गावात का यावीत, याचा विचार आपण कधी केलेला नाही.

वेल्स आणि इंग्लंडच्या अगदी सीमेवर हे-ऑन-वाय नावाचे गाव आहे. आपल्यासारखेच सीमेवरचे. वस्ती दोन हजारांच्या आत. 1960 च्या दशकाच्या सुरुवातीला तिथली रेल्वे बंद झाली आणि गावाला उतरती कळा लागली. रिचर्ड बूथ नावाच्या गृहस्थाने तिथे जुन्या पुस्तकांची दुकाने थाटली. बंद पडलेल्या सिनेमागृहात पुस्तके, अग्निशमन केंद्रात पुस्तके. 1 एप्रिल 1977 रोजी, म्हणजे एप्रिल फूलच्या दिवशी, त्याने गाव स्वतंत्र झाल्याची दवंडी पिटली, स्वतः राजा झाला आणि आपल्या घोड्याला पंतप्रधान नेमले! लोक हसले, वर्तमानपत्रांनी छापले, आणि हसणारे लोक गाव बघायला आले. 1988 पासून तिथे साहित्य महोत्सव भरतो आणि जगभरातून माणसे येतात. आपण सीमेवर आहोत म्हणून रडतो. त्या माणसाने सीमेवरच्या गावाचा तमाशा केला आणि गाव जगवले.

हीच कल्पना आपल्या महाराष्ट्राने उचलली. पाचगणी-महाबळेश्वरच्या मधले भिलार 4 मे 2017 रोजी पुस्तकांचे गाव झाले. सुरुवातीला 25 ठिकाणी सुमारे 15 हजार पुस्तके ठेवली. कुणाच्या ओसरीवर संतसाहित्य, कुणाच्या माडीवर चरित्रे, कुठे बालसाहित्य. घर शेतकऱ्याचे, खुर्ची शेतकऱ्याची, वाचायला पैसा नाही. पाहुणा दोन तास बसतो, चहा घेतो, स्ट्रॉबेरी घेतो, जमले तर मुक्कामाला राहतो. पुढे अंकलखोप, पोंभुर्ले, वेरूळ, नवेगावबांध अशी गावेही या योजनेत आली.

आता कुणी म्हणेल, मग आपणही पुस्तकांचे गाव करू. मी स्पष्ट सांगतो, नक्कल करून भागणार नाही. भिलारच्या दोन्ही अंगांना थंड हवेची ठिकाणे, रस्त्याने गाड्यांची रीघ आधीपासूनच होती. शिवाय मागे शासन होते. आपल्या मागे कोण? महाराष्ट्राचा हात सीमेपलीकडे जेमतेम पोचतो, आणि इकडच्या एका कचेरीत मी स्वतः वाचनालयाच्या अर्जासाठी तीन वर्षे चपला झिजवल्या. शेवटी अर्ज हरवला असे उत्तर मिळाले. तेव्हा अनुदानाची वाट बघत बसण्यात अर्थ नाही.

मग आपल्याकडे आहे काय? येळवस आहे! शहरातल्या माणसाला वेळा अमावास्या म्हणजे काय हे ठाऊकच नाही. त्या दिवशी लातूर, उमरग्यापासून बिदर-कलबुर्गीपर्यंत गावे ओस पडतात आणि शिवारे भरतात. कडब्याची खोप, आत चुना लावलेले पाच दगडांचे पांडव, मडक्यातली अंबील, ओल्या तुरीचे-हरभऱ्याचे दाणे घातलेली भज्जी, बाजरीचे उंडे. संध्याकाळी पेटती पेंढी घेऊन पिकातून धावणारी पोरे. आणि ओळखीचा असो वा नसो, बांधावरून जाणाऱ्याला जेवल्याशिवाय सोडायचे नाही, ही रीत. हा सण कन्नड शेतकऱ्याचाही तितकाच आहे, त्याच्या बांधावर एळ्ळ अमावास्या म्हणतात एवढाच फरक. त्यालाही बरोबर घ्या. या कामात भांडण नको.

सोलापूरकडे हुरडा खायला शहरातले लोक पैसे मोजून येतात हे आपण बघतोच. आपल्याकडेही ज्वारी आहे, आणि कलबुर्गीच्या तुरीला भौगोलिक मानांकन आहे. अक्कलकोट-गाणगापूर करणारे हजारो भाविक आपल्या मुलखातून जातात. सकाळी देवदर्शन, दुपारी दुसरे देवदर्शन, रात्री गाडीत झोप, असा त्यांचा प्रवास असतो. त्यातल्या पाच कुटुंबांना आपण एक रात्र थांबवू शकलो तरी सुरुवात झाली.

इटलीत 1999 साली ग्रेव्ह, ओर्विएतो, ब्रा आणि पोझितानो या छोट्या गावांनी मिळून संथ गावांची चळवळच काढली. पन्नास हजारांच्या आतली वस्ती हवी, स्थानिक धान्य, स्थानिक कारागिरी, गोंगाट कमी, अशा अटी आणि बोधचिन्ह गोगलगाय. आपल्याकडे गोगलगाय म्हटले की सोयाबीनवाल्याच्या पोटात गोळा येतो, ते सोडा! पण मुद्दा असा की ज्याला आपण मागासलेपण म्हणून लपवतो, ते तिकडे पाटी लावून दाखवतात.

एक धोका मात्र आहे. पाहुणे आले की प्लॅस्टिकच्या पत्रावळ्या येतात, ध्वनिक्षेपक येतो, कुणीतरी बांधावरच बाटली उघडतो. येळवशीची जत्रा झाली तर घरच्या बायांना दिवसभर चुलीपुढे बसावे लागेल आणि पैसे पुरुष मोजतील. म्हणून माझी सूचना अशी की पहिल्या वर्षी वीसच पाहुणे घ्यावेत, आपल्याच पुण्या-सोलापूरला गेलेल्या पोरांचे मित्र. जेवणाचा दर बायांनी ठरवावा आणि पैसे त्यांच्याच बचत गटात जमा व्हावेत.

माझ्या घराची बाहेरची खोली मी देतो. तीत चारशे मराठी पुस्तके आहेत, ती कुणी उघडत नाही. आणखी चार घरे हवीत. ज्यांची तयारी असेल त्यांनी बैठक संपल्यावर चिटणीसांकडे नाव द्यावे. आणि घरच्या बाईला विचारूनच द्यावे.