चित्र आणि चित्त

(चांदूर रेल्वे येथे विहाराच्या वर्धापनदिनी दिलेल्या भाषणाचा मजकूर)



समितीने आम्हाला भाषणाचा विषय विचारला तेव्हा आम्ही सांगितले, 'चित्रकला आणि ध्यान'. त्यावर एक तरुण कार्यकर्ता हसून म्हणाला, "गुरुजी, ध्यान म्हणजे डोये मिटाचे अन् चित्र म्हणजे डोये उघडाचे. ह्या दोहीचा मेळ कसा बसाचा?" प्रश्न अगदी रास्त आहे. आज आम्ही त्याचेच उत्तर द्यायला उभे आहोत.

प्रथम स्वतःचे सांगतो. आम्ही तीस वर्षे शाळेत चित्रकला शिकवली. एलिमेंटरी, इंटरमिजिएटच्या परीक्षांना कितीतरी मुले बसवली. त्या तीस वर्षांत आम्ही पोरांना दोनच गोष्टी सांगितल्या, चित्र चांगले आहे किंवा चित्र चुकले आहे. काढताना पोराच्या मनात काय चालले आहे हे एकदाही विचारले नाही. ही आमची चूक आज भरसभेत कबूल करतो.

सेवानिवृत्तीनंतर दुसऱ्याच वर्षी आमची पत्नी गेली. आम्ही रोज संध्याकाळी विहारात येऊन बसत असू. पण डोळे मिटले की दवाखान्यातली खोली दिसे. श्वासावर लक्ष न्यावे तर तिचाच शेवटचा अडखळता श्वास ऐकू येई. पाच मिनिटांत उठून बाहेर जायचो. चार लोक शांत बसलेत आणि आपण चपला शोधतोय, याची लाज वाटायची. वर्षावासासाठी आलेल्या एका भन्तेजींना शेवटी मन मोकळे करून सांगितले. ते म्हणाले, "उपासक, डोळे मिटणे म्हणजेच ध्यान, असे तुम्हाला कोणी सांगितले? डोळे उघडे ठेवा. तुमच्या हाताला जे काम येते ते जागेपणाने करा."

घरी आलो. ओट्यावर तिचा पितळी गडवा होता. कागद-पेन्सिल घेतली आणि गडवा काढायला बसलो. काठाला एक पोचा होता. इतकी वर्षे त्याच गडव्याने पाणी प्यालो, पण तो पोचा कधी पाहिला नव्हता. रेषा तिथवर आली आणि हात थरथरू लागला, डोळे भरून आले. पेन्सिल थांबवली, दोन-चार श्वास पाहिले, मग रेषा पुढे नेली. चित्र काही चांगले जमले नाही. परंतु पत्नीच्या मृत्यूनंतर प्रथमच आम्ही एक तासभर दुःखासोबत बसलो होतो. उठून पळालो नव्हतो.

बंधूंनो, हे आमच्या डोक्यातून निघालेले नाही. मज्झिम निकायातल्या सतिपट्ठान सुत्तात काया, वेदना, चित्त आणि धम्म या चार गोष्टींकडे सतत जागेपणाने पाहायला सांगितले आहे. श्वास कसा पाहायचा हे समजावताना तथागतांनी उपमा दिली ती कातारी माणसाची. लाकूड कातणारा कुशल कारागीर लांब फेरा घेतो तेव्हा त्याला ठाऊक असते की आपण लांब घेतो आहोत, आखूड घेतो तेव्हा ठाऊक असते की आखूड घेतो आहोत. तसाच श्वास जाणायचा. म्हणजे सजगता शिकवायला भगवंतांनी एका श्रमिकाचा हात पुढे केला. कातारी जसा आपला हात जाणतो, तसा पेन्सिल धरणारानेही जाणावा, एवढेच आमचे म्हणणे आहे.

पाली भाषेत मनाला 'चित्त' म्हणतात आणि चित्रालाही 'चित्त'च म्हणतात. संयुत्त निकायात एका ठिकाणी भगवंत भिक्खूंना विचारतात, तुम्ही 'चरण' नावाचे चित्र पाहिले आहे काय? तेही मनानेच कल्पिलेले आहे, आणि मन त्या चित्राहूनही अधिक विविधरंगी आहे. त्याच सुत्तात लाख, हळद, नीळ, मंजिष्ठा हे रंग घेऊन गुळगुळीत फळ्यावर, भिंतीवर किंवा कापडावर माणसाची आकृती काढणारा चित्रकार येतो. अजाण माणूसही असाच रूप, वेदना, संज्ञा, संस्कार, विज्ञान पुन्हा पुन्हा रंगवत राहतो, असे तिथे सांगितले आहे. कागदावर ही रंगरंगोटी डोळ्यांना दिसते, म्हणून तिला पकडणे सोपे जाते.

कोणी जाणकार म्हणेल, भिक्खूंच्या चित्रांवर विनयात बंधने आहेत ना? आहेत. काही भिक्खूंनी विहारात स्त्री-पुरुषांच्या आकृती रंगवून घेतल्या तेव्हा त्याला मनाई झाली, परंतु वेली-माळांच्या नक्षीला परवानगी मिळाली, असे चुल्लवग्गात आहे. करमणुकीने मन बहकू नये, असा त्याचा अर्थ आम्ही घेतो. इगतपुरीच्या दहा दिवसांच्या विपश्यना शिबिरातही लिहिणे-वाचणे बंद असते. तिथे गेलात तर तिथलाच नियम पाळा. आम्ही सांगतो ती गोष्ट घरी आणि विहारात करायची आहे. ज्याला डोळे मिटून बसवत नाही त्याच्यासाठी ती ध्यानाच्या दारातली पायरी आहे.

आणि उघड्या डोळ्यांचेच म्हणाल तर, परमपूज्य बाबासाहेबांनी उतारवयात हाती ब्रश धरला आणि बुद्धाचे जे चित्र काढले त्यात बुद्धाचे डोळे उघडे आहेत. आमच्या कार्यकर्त्याला याहून चांगले उत्तर आमच्याजवळ नाही.

आता विहारात आम्ही काय करतो ते ऐका. वर्षावासातल्या रविवारी दहा-पंधरा जण जमतो. पाच मिनिटे श्वास पाहतो. मग प्रत्येकाने एक वस्तू पुढ्यात घ्यायची. संत्रे, विळा, चप्पल, काहीही चालते. नजर वस्तूवर ठेवायची, कागदाकडे पाहायचे नाही. मुंगी चालावी तशी पेन्सिल सावकाश चालवायची. खोडरबर आणायचे नाही. किमॉन निकोलाइडीस या अमेरिकन चित्रशिक्षकाच्या 1941 साली निघालेल्या पुस्तकात ही रीत आहे. पुढे फ्रेडरिक फ्रँक या चित्रकाराने, जो पेशाने दंतवैद्य होता, 1973 साली पुस्तक लिहून अशा पाहण्यालाच ध्यान म्हटले.

दुसऱ्या भागात वस्तू नसते. मनात आत्ता काय आहे आणि शरीरात ते कुठे जाणवते, हे पाहायचे आणि त्याला रेषा द्यायची, रंग द्यायचा. मग मनातल्या मनात म्हणायचे, 'राग आहे', 'भीती आहे'. 'मी रागीट आहे' असे म्हणायचे नाही. वेदना आली, राहिली, गेली, एवढे पाहायचे.

एक बाई आल्या. वय सत्तरच्या घरात. म्हणाल्या, "गुरुजी, मले तं लिवता बी येत नाई, चित्र कसं काहाडू?" आम्ही त्यांच्यापुढे कापसाचे बोंड ठेवले. अर्धा तास त्यांनी मान वर केली नाही. मग म्हणाल्या, "जल्मभर कापूस येचला, पर बोंडाले चार फाका का पाच, हे कधी मोजलंच नाई. मुकादमाची नजर पाठीवर राहे." सभेत सगळे गप्प झाले. ज्या हातांनी आयुष्यभर दुसऱ्याच्या वजनकाट्यासाठी कापूस वेचला, ते हात प्रथमच स्वतःसाठी थांबले होते.

एका पोराचा बाप गेलेला. तो काळा खडू इतका दाबून घासायचा की कागद फाटायचा. आम्ही त्याला दुसरा कागद दिला, रागावलो नाही. फक्त विचारले, "बाळा, हे कुठं जाणवते?" म्हणाला, "मनगटात." म्हटले, मनगटाकडे पाहत पाहत काढ. चौथ्या रविवारी कागद फाटला नाही. राग संपला असे आम्ही म्हणत नाही. पण तो चढताना त्याला दिसू लागला.

एक इशारा मात्र दिलाच पाहिजे. कर्ज आणि नापिकी यांनी आपल्या वऱ्हाडातली किती घरे उघडी पडली, हे सर्वांना माहीत आहे. ज्याची झोप उडाली, जेवण तुटले, जो जिवाचे बरेवाईट करण्याचे बोलतो, त्याच्या हाती नुसता खडू देऊन भागणार नाही. त्याला एकटे सोडू नका, डॉक्टरकडे घेऊन जा. चित्र हे औषधाच्या जागी घ्यायचे नाही.

आणखी एक. काढलेल्या चित्राला चिकटू नका. 1844 साली रॉबर्ट गिल या लष्करी अधिकाऱ्याला अजिंठ्याच्या चित्रांच्या नकला करायला नेमले. वर्षानुवर्षे लेण्यांत बसून त्याने त्या केल्या. लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये 1866 च्या आगीत बहुतेक जळाल्या. नंतर ग्रिफिथ्स यांनी मुंबईच्या कलाशाळेचे विद्यार्थी घेऊन 1872 पासून पुन्हा नकला केल्या. त्यांतल्याही पुष्कळशा 1885 मध्ये लंडनलाच जळाल्या. गिल यांची कबर भुसावळला आहे. आपल्या चांदूरच्या स्टेशनावरून मुंबईकडे निघालो की वाटेत भुसावळ लागतेच. तिथे गाडी थांबली की आम्हाला हा माणूस आठवतो. कागद राखेला मिळाले, पण पद्मपाणीसमोर बसून त्याने जे पाहिले ते कोणती आग जाळणार होती? अनित्यता शिकायला याहून मोठा धडा कोणता?

म्हणून समितीला एक विनंती. 14 एप्रिलला चित्रकला स्पर्धा अवश्य घ्या, बक्षिसे द्या. पण महिन्यातून एक तास बिनस्पर्धेचा ठेवा. एक चटई, थोडे खडू, जुन्या वह्यांचे कोरे कागद, एवढाच खर्च आहे. नंबर नको, शेरा नको. आम्ही तीस वर्षे शेरे दिले, आता त्याची थोडी भरपाई करू द्या.

तो गडवा अजूनही ओट्यावर आहे. आम्ही त्याची किती चित्रे काढली मोजले नाही, बरीचशी फाडूनही टाकली. हल्ली संध्याकाळी विहारात आलो की डोळे मिटतात, आणि दवाखान्याची खोली आली तरी आम्ही बसून राहतो.