गल्लीतला डॉक्टर कोण होणार?

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. भाषणाची सवय नाही. पण चिटणीसबाई म्हणाल्या, "आम्हांला जिन्यात सांगितलेत तेच इथे सांगा." म्हणून उभी राहिले आहे. चूकभूल पदरात घ्यावी.

मागच्या वर्षी सासूबाईंच्या पायांना सूज येऊ लागली. आम्ही एकदम मोठ्या डॉक्टरांकडे धावलो. एक हृदयाचे, दुसरे मूत्रपिंडाचे, तिसरे गुडघ्यांचे. तपासण्या झाल्या, फाईल जाड झाली, सूज होती तशीच. शेवटी गल्लीतल्या आमच्या जुन्या डॉक्टरांकडे गेले. ते म्हणाले, "वहिनी, घरात असतील तेवढ्या गोळ्या घेऊन या." मी पिशवीच टेबलावर उपडी केली. त्यांनी एकेका पाकिटावरची बारीक अक्षरे वाचली. रक्तदाबाची अ‍ॅम्लोडिपिन ही एकच गोळी दोघांनी दोन निराळ्या कंपन्यांच्या नावांनी दिली होती, आणि सासूबाई दोन्ही घेत होत्या! ह्या गोळीने काहींचे पाय सुजतात; मात्रा वाढली की अधिकच. डॉक्टरांनी त्या दोघांशी फोनवर बोलून एक गोळी बंद केली. पंधरा दिवसांत सूज उतरली.

मोठ्या डॉक्टरांना मी नावे ठेवीत नाही. प्रत्येकाने आपापला अवयव नीट पाहिला. अख्खे माणूस पाहणारे मात्र हे एकटेच निघाले.

ह्या दिवाळीत तो दवाखाना बंद झाला. डॉक्टर थकले. मुलगा हाडांचा डॉक्टर, तो इथे बसणार नाही. मी विचारले, "दुसरे कुणी येणार नाही का?" ते म्हणाले, "जागेचे भाडे भारी, सकाळ-संध्याकाळ बसायचे, रात्रीही दार वाजते. आणि एवढे करून लोक विचारतात, नुसते एम.बी.बी.एस. का?"

ते ऐकून मी खाली मान घातली. कारण तोच प्रश्न मी माझ्या भाचीला विचारला होता. ती म्हणाली होती, "मावशी, मला फॅमिली डॉक्टर व्हायचंय." मी म्हटले, "अगं, साडेपाच वर्षे घासून सर्दी-खोकलाच बघणार? स्थळे कशी यायची?" पोर गप्प झाली.

परवा मी तिची माफी मागितली. तेव्हा तिने मला शिकवले. १९४६ सालच्या भोर समितीनेही देशाला आधी सर्वसाधारण आजार पाहणारा डॉक्टर हवा, असे सांगितले होते. आता तर फॅमिली मेडिसिन ह्या विषयाचे एम.बी.बी.एस.नंतरचे तीन वर्षांचे शिक्षणही आहे. म्हणजे हे काम उरलेसुरले नव्हे, ती स्वतंत्र विद्या आहे. पुढे काय करायचे ते ती ठरवील. माझे बोलणे मनात धरू नकोस, एवढेच मी तिला सांगितले.

भगिनींनो, दोनच गोष्टी मागते. घरातल्या सगळ्या औषधांची एक वही ठेवा आणि कुठल्याही डॉक्टरांकडे जाताना ती बरोबर न्या. आणि उद्या आपल्यापैकी कुणाची लेक "गल्लीत दवाखाना घालते" म्हणाली, तर नाक मुरडू नका. आपणच नाक मुरडले, तर रात्री दार वाजवायला आपण कुणाकडे जाणार?