चॅनेलची किल्ली कोणाच्या कनवटीला?

(जिल्हा बैठकीतील भाषण)



वेचणी अर्ध्यावर टाकून तुम्ही आलात. तेव्हा कामाचेच बोलू.

गेल्या हंगामात आम्ही ठरवले, की खरेदी केंद्रावरची कापसाची मोजणी सगळ्या तालुक्याला घरबसल्या दिसली पाहिजे. हमीभावाच्या खरेदीत ओलावा ८ टक्क्यांच्या वर गेला की भाव कापतात, १२ च्या वर गेला की गाडी परत. मग यंत्रावरचा आकडा चारचौघांत का नको? लग्नाचे शूटिंग करणारा गावातलाच एक मुलगा बोलावला, यूट्यूबवर चॅनेल उघडले, थेट प्रक्षेपण सुरू झाले.

तीन आठवड्यांनी एका संध्याकाळी फोनवर फोन. आपल्या चॅनेलवर कुणाची तरी हळद चालली होती! आम्हीही हसलो. पण पुढच्याच आठवड्यात ओलाव्यावरून वाद झाला, आम्ही चित्रण पुढे केले, तर समोरचा माणूस म्हणाला, "तुमच्या चॅनेलवर हळदही दिसते आणि काटाही दिसतो. कशावर विश्वास ठेवायचा?" आमच्याकडे उत्तर नव्हते.

चूक त्या मुलाची नव्हती, आमची होती. थेट प्रक्षेपणासाठी यूट्यूब अक्षरे आणि आकडे मिळून एक लांब किल्ली देते. तिला स्ट्रीम की म्हणतात. नुसत्या मोबाइलवरून प्रक्षेपण केले तर ती लागत नाही. मोठा कॅमेरा किंवा संगणक जोडला की लागते. ही किल्ली ज्याच्या हाती, तो पासवर्ड नसतानाही आपल्या चॅनेलवर चित्र सोडू शकतो. कोऱ्या कागदावर अंगठा देण्यासारखेच हे. आम्ही ती व्हॉट्सॲप गटावर टाकली होती आणि मुलाच्या यंत्रात ती तशीच राहिली.

यात फक्त आपणच अडाणी, असे समजू नका. २० सप्टेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या यूट्यूब चॅनेलचा ताबा चोरांनी घेतला आणि तिथे आभासी चलनाचा प्रचार दिसू लागला. आपल्या चॅनेलवर उद्या कुणी 'आंदोलनाला मदत करा' म्हणून स्वतःचा क्यूआर कोड लावला, तर पैसा शेतकऱ्याचा जाईल आणि नाव आपले जाईल.

म्हणून प्रत्येक तालुक्याने पुढची कामे करावीत.

एक. पेरणीआधी मशागत. चॅनेलवर थेट प्रक्षेपण पहिल्यांदा चालू करताना फोन नंबरची पडताळणी लागते आणि परवानगीला २४ तासांपर्यंत वेळ लागू शकतो. नुसत्या मोबाइलवरून करायचे तर निदान ५० सदस्य हवेत. मेळावा उद्या आणि खाते आज, हे जमणार नाही.

दोन. खाते तालुक्याच्या नावाने वेगळे काढा. पासवर्ड लांब ठेवा आणि दुसऱ्या कुठल्याही खात्याला तो वापरू नका. दोन टप्प्यांची पडताळणी चालू करा. गूगल १० राखीव कोड देते. ते कागदावर लिहून सातबाऱ्याच्या पेटीत ठेवा. फोन विहिरीत पडला तरी खाते हातचे जाणार नाही.

तीन. पासवर्ड कुणालाच वाटू नका. यूट्यूब स्टुडिओच्या सेटिंगमध्ये परवानगीचा भाग आहे. तिथून ज्याला जेवढे काम, तेवढाच अधिकार द्या. माणूस काम सोडून गेला की त्याच दिवशी त्याचे नाव काढा.

चार. किल्ली गटावर टाकायची नाही. शूटिंगवाल्याच्या यंत्रात आपल्या माणसाने समोर बसून भरायची. पडदा दाखवताना किल्ली झाकलेली आहे ना, हे पाहायचे. कार्यक्रम संपला की स्टुडिओत जाऊन किल्ली बदलायची. नवी आली की जुनी बाद होते. एवढे केले असते, तर ती हळद आमच्या अंगाला लागली नसती.

पाच. 'जाहिरात देतो, ही फाइल उघडा' असा ई-मेल आला तर उघडू नका. अशा फाइलमधून संगणकातली लॉगिनची खूणच चोरली जाते आणि मग दोन टप्प्यांची पडताळणीही कामाला येत नाही, हे गूगलच्या सुरक्षा पथकाने २०२१ मध्येच सांगितले आहे. आलेला ओटीपी कुणालाही सांगू नका. पैशाची फसवणूक झालीच तर लगेच १९३० ला फोन लावा.

मायबहिणींनो, हे काम तुमच्याकडे द्यावे असे आम्हाला वाटते. ज्वारीची कणगी, बियाण्याचे गाडगे, दोन्हींची राखण आजवर तुम्हीच केली. कुणाला किती द्यायचे आणि परत कधी मागायचे, हे तुम्हाला शिकवावे लागत नाही.

यंदा काटा पुन्हा दाखवायचा आहे. आकडा खरा असून भागत नाही, तो दाखवणाऱ्यावर लोकांचा भरवसा हवा. आज घरी जाण्याआधी प्रत्येक तालुक्याने किल्ली सांभाळणाऱ्या दोघांची नावे लिहून द्यावीत. वही या टेबलावर आहे.