षड्ज हलतो तेव्हा



१९६१ साली ‘छाया’ नावाचा हिंदी चित्रपट आला. त्यातल्या एका गाजलेल्या द्वंद्वगीताचा मुखडा संगीतकार सलील चौधरींनी मोझार्टच्या ४०व्या सिंफनीच्या सुरुवातीवरून बांधला. तलत महमूद आणि लता मंगेशकर यांनी गायलेली ती चाल तुमच्यापैकी अनेकांना पाठ असेल. म्हणजे अठराव्या शतकातले व्हिएन्ना आपल्या कानांत केव्हाच येऊन बसले आहे. पण आपल्याकडे आली ती चाल. मोझार्टचे खरे कर्तृत्व त्या चालीचे पुढे जे होते त्यात आहे, आणि आज मला त्याबद्दलच बोलायचे आहे.

आपले संगीत ऐकून तयार झालेल्या कानाने तिकडे जाताना एक गोष्ट आधी ध्यानात घ्यावी. आपल्या मैफलीत तानपुरा जुळला की षड्ज ठरला. गायक तिन्ही सप्तकांत फिरला, बंदिश बदलली, राग बदलला, तरी षड्ज जागचा हलत नाही. युरोपीय संगीतात मात्र एकाच रचनेच्या पोटात षड्ज हलतो. आत्तापर्यंत जो पंचम होता तोच षड्ज होऊन बसतो आणि बाकीचे स्वर त्याच्याशी नवे नाते जोडतात. मूळ षड्जापासून दूर जायचे, ते दूरपण ऐकणाऱ्याला जाणवू द्यायचे आणि शेवटी परतायचे, या प्रवासाला अठराव्या शतकाने पक्के आकार दिले. कॉन्चेर्टो, सोनाटा, सिंफनी, क्वार्टेट ही त्या आकारांची नावे. शब्दांचा आधार न घेता नुसत्या वाद्यांनी श्रोत्याला अर्धा तास धरून ठेवण्याचे बळ संगीताला यांनी दिले.

शतकाच्या सुरुवातीला व्हेनिसमध्ये अंतोनिओ विवाल्डी ‘पिएता’ या अनाथाश्रमातल्या मुलींना व्हायोलिन शिकवत होता. त्याचा ‘चार ऋतू’ हा चार कॉन्चेर्टोंचा संच १७२५ साली अ‍ॅमस्टरडॅममध्ये छापला गेला. त्याची रीत साधी आहे. सगळा वाद्यवृंद एक ठसठशीत ध्रुवपद वाजवतो, मग एकटा व्हायोलिनवादक आपली करामत दाखवतो, मग ध्रुवपद पुन्हा येते. पण अनेकदा वेगळ्या षड्जावरून. शेवटी ते मूळ जागी आले की प्रवास संपला हे सांगावे लागत नाही.

त्याच सुमारास जर्मनीत योहान सेबास्टियन बाख बाराही स्वरांची दारे उघडत होता. १७२२ च्या ‘वेल-टेम्पर्ड क्लेव्हियर’च्या पहिल्या खंडात त्याने बारा स्वरांपैकी प्रत्येकाला आळीपाळीने षड्ज मानून, एकदा शुद्ध गंधाराच्या आणि एकदा कोमल गंधाराच्या अंगाने, प्रिल्यूड आणि फ्यूगच्या २४ जोड्या रचल्या. फ्यूगमध्ये एक आवाज छोटेसे सूत्र एकट्याने मांडतो. दुसरा आवाज तेच सूत्र पंचमावरून उचलतो, आणि त्या वेळी पहिला गप्प न राहता निराळे काही बोलत राहतो. मग तिसरा येतो, कधी चौथा. एकच वादक कळफलकावर दोन हातांनी हे सगळे संभाषण चालू ठेवतो.

शतकाच्या मध्यावर अभिरुची बदलली. एकात एक गुंतलेल्या आवाजांपेक्षा सुटसुटीत चाल आणि स्पष्ट वाक्ये लोकांना आवडू लागली. इटालियन ऑपेराच्या आरंभी वाजणारी, जलद, संथ, जलद अशी तीन अंगांची सिंफोनिया रंगमंचापासून सुटी झाली, तिच्यात मिन्युएट हा नृत्यप्रकार मिसळला आणि चार भागांची सिंफनी तयार झाली. तिच्या पहिल्या भागाचा सांगाडा म्हणजे सोनाटा रचना. ती समजून घ्यायला ४०व्या सिंफनीइतके चांगले उदाहरण मला माहीत नाही.

२५ जुलै १७८८ रोजी मोझार्टने आपल्या रचनांच्या वहीत तिची नोंद केली. आरंभी व्हिओलांची दबकी धडधड ऐकू येते आणि तिच्यावर ती प्रसिद्ध चाल उमटते : कोमल धैवतावरून पंचमावर पुन्हा पुन्हा उतरणारी. थोड्या वेळाने षड्ज हलतो. मूळचा कोमल गंधार आता षड्ज होतो, शुद्ध गंधार लागतो आणि दुसरी, शांत चाल भेटते. ही झाली मांडणी. पुढच्या विस्तारात मोझार्ट पहिल्या चालीला थेट शुद्ध निषादाला षड्ज करून नेतो, म्हणजे मूळ जागेच्या अर्ध्या स्वराने खाली. जवळचे हे ठिकाण नात्याने मात्र फार दूरचे आहे. तिथून तो तिचे तुकडे करतो आणि एका षड्जावरून दुसऱ्यावर फेकत जातो. ऐकणाऱ्याला कुठेच टेकता येत नाही. मग नकळत मूळ षड्ज हाताशी येतो आणि पहिली चाल परतते. आता दुसऱ्या चालीकडे कान द्या. मघाशी शुद्ध गंधाराने हसलेली ती चाल आता मूळ षड्जावर, कोमल गंधार लेवून येते. स्वरवाक्ये जवळपास तीच, पण दिलासा गेलेला. जगात एवढे करुण पुनरागमन मी थोडेच ऐकले आहे.

हे आकार पक्के करण्यात सर्वांत मोठा वाटा योझेफ हायडनचा. १७६१ साली तो एस्टरहाझी या सरदार घराण्याच्या चाकरीत शिरला. मालक सांगेल ते रचायचे आणि नेमून दिलेल्या पोशाखात हजर राहायचे, असा त्याचा करार होता. पण हाताशी रोज वाजवणारा वाद्यवृंद होता. सुचलेले वाजवून पाहायचे, नको ते खोडायचे, हे त्याला दररोज करता आले. क्रमांक मिळालेल्या त्याच्या सिंफन्या १०४ आहेत. दोन व्हायोलिन, एक व्हिओला, एक चेलो यांची क्वार्टेटही त्याच्या हातून प्रौढ झाली. चौघे समान हक्काने बोलतात, म्हणून ती ऐकण्यात जितकी गोडी तितकीच वाजवण्यातही असते. मोझार्टने १७८५ साली आपल्या सहा क्वार्टेट हायडनलाच अर्पण केल्या. १७९१ मध्ये हायडन लंडनला गेला, आणि राजवाड्यासाठी लिहिणारा हा चाकर तिकीट काढून आलेल्या नागरिकांसमोर उभा राहिला. त्यांच्यासाठी रचलेल्या त्याच्या शेवटच्या बारा सिंफन्यांत मोकळ्या सभागृहाचा श्वास आहे.

रंगभूमीवरही हा प्रवास पोचला. मोझार्टच्या ‘फिगारोचे लग्न’ (१७८६) या ऑपेराच्या दुसऱ्या अंकाचा शेवट सुमारे वीस मिनिटे सलग चालतो. दोघांच्या भांडणाने सुरू होऊन सात जणांच्या गोंधळावर संपतो. मध्ये षड्ज अनेकदा हलतो, पण अखेरीस सुरुवातीच्याच षड्जावर उतरतो. कथेची गाठ सुटत नाही, संगीत मात्र पूर्ण होते.

श्रोतेहो, या संगीताला अवघड आणि परके समजून आपण स्वतःचे नुकसान करतो. घरी गेल्यावर त्या ४०व्या सिंफनीचा पहिला भाग लावा; सात-आठ मिनिटांचा आहे. पहिल्यांदा नुसती चाल ऐका. दुसऱ्यांदा षड्ज गुणगुणत ऐका, म्हणजे तो कुठे सुटतो ते कळेल. तिसऱ्यांदा दुसऱ्या चालीच्या परतण्याची वाट पाहा. मग संधी मिळताच प्रत्यक्ष ऐका. २००६ साली स्थापन झालेला सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया मुंबईत नॅशनल सेंटर फॉर द परफॉर्मिंग आर्ट्सच्या (एनसीपीए) रंगमंचावर वाजवतो. षड्ज ओळखणारा कान आपल्या परंपरेने तुम्हाला दिलेला आहे. तोच घेऊन तिकडे जा, एवढीच विनंती.