बोटांमागचे बळ
(वार्षिक सभेतील भाषण)



यवतमाळ जिल्ह्यात कापसाची वेचणी बहुतांशी हातानेच होते. बोंडातून कापूस ओढणाऱ्या त्या बोटांमध्ये मात्र त्यांना हलविणारा एकही स्नायू नाही. बोटे मिटविणारे मुख्य स्नायू कोपर व मनगट यांच्या दरम्यान असतात. त्यांचा जोर पोहोचविणाऱ्या ९ कंडरा मनगटाच्या चिंचोळ्या बोगद्यातून जातात. स्नायू केवळ ओढतो, ढकलू शकत नाही. म्हणून मिटविणाऱ्यासमोर उघडणारा हवाच. आमच्यासारख्या वाणिज्य पदवीधरास ही द्विनोंदी पद्धतच वाटते.

विळ्याने मनगटाची कंडरा तुटली की तिचे स्नायूकडील टोक आत ओढले जाते. नुसती कातडी शिवल्यास जखम भरते, बोट मात्र हलत नाही. आणि उशीर झाल्यास स्नायू आखडून सांधणे अवघड होते. म्हणून जखम लहान दिसली तरी टाके घालण्यापूर्वी प्रत्येक बोट वेगवेगळे हलवून पाहावे, असा आमचा आग्रह आहे.

कुष्ठरोगात मज्जातंतू निकामी होऊन हातातील लहान स्नायू लुळे पडतात, बोटे वाकडी होतात. वेल्लोर येथे डॉ. पॉल ब्रँड यांनी १९४० च्या दशकाच्या अखेरीस धडधाकट स्नायूची कंडरा अशा बोटांना जोडण्यास प्रारंभ केला. त्यानंतर स्नायूला नवे काम शिकवावे लागते, त्यास कित्येक आठवडे जातात. मजुरी बुडते म्हणून रुग्ण नेमके हेच आठवडे टाळतात. त्यांच्या प्रवासखर्चाची तरतूद अंदाजपत्रकात मांडली आहे. ती मंजूर व्हावी, ही विनंती.